डीप रॉक गॅलॅक्टिक: कुठलं मिशन घ्यायचं, हॅझर्ड किती ठेवायचा

डीप रॉक गॅलॅक्टिक नुकताच घेतलाय आणि मिशनच्या नकाशासमोर उभं राहिल्यावर कुठल्या खुणेवर जायचं तेच कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. आम्ही चौघं खेळतो. मी अमळनेरला, मामेभाऊ भुसावळला, एक मित्र धुळ्याला आणि धाकटी बहीण पुण्यात होस्टेलवर. पहिल्या महिन्यात आम्ही जेवढी मिशनं जिंकली त्याहून जास्त हरलो. नेम वाईट होता म्हणून नव्हे. चुकीचं मिशन, चुकीच्या हॅझर्डवर (म्हणजे काठिण्यावर), चुकीच्या वेळी घेत होतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्स या स्टुडिओनं तो केलाय. २०१८ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, १३ मे २०२० ला पूर्ण झाला. होक्सेस नावाच्या ग्रहाच्या पोटात चार बुटके खाणकामगार उतरतात, खनिज खणतात, किड्यांशी लढतात आणि ड्रॉप पॉडमध्ये बसून परत येतात. गुहा दर वेळी नवी तयार होते, त्यामुळं नकाशा पाठ करून काही साधत नाही. खाली उतरण्याआधी जे वाचता येतं ते नीट वाचणं, एवढंच आपल्या हातात असतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- विंडोजचा पीसी किंवा लॅपटॉप. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही गेम आहे, पण स्टीमवाला (पीसीवर घेतलेला) आणि प्लेस्टेशनवाला एकत्र खेळू शकत नाहीत. चौघांनी एकाच ठिकाणी घ्या. हे विकत घेण्याआधी ठरवा.
- माइक असलेला हेडफोन. साधा मोबाइलचा चालतो.
- वायरनं जोडलेलं इंटरनेट असेल तर उत्तम. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुसऱ्यानं गेममध्ये उघडलेल्या खोलीत जाऊन खेळता येतं, पण स्वतः होस्ट, म्हणजे खोली उघडणारा, होऊ नका.
- राउटरसाठी इन्व्हर्टर किंवा छोटा बॅकअप.
- कागद आणि पेन. खरंच ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

गेममध्ये मराठी नाही. पडद्यावरचे पाच-सात इंग्रजी शब्द ओळखीचे झाले की काम भागतं, ते पुढं येतीलच.

१. होस्ट कोण, हे मिशनच्या आधी ठरवा

आमच्याकडं हे सगळ्यात उशिरा कळलं, म्हणून इथं पहिल्यांदा सांगतो. या गेममध्ये ज्यानं खोली उघडली त्याच्याच मशीनवर मिशन चालतं. त्याची लाइट गेली किंवा नेट तुटलं की सगळ्यांचंच मिशन संपतं. दुसरा कुणी होस्ट होऊन ते पुढं नेत नाही. होस्ट नसलेल्या खेळाडूचं नेट तुटलं तर मात्र तो परत त्याच मिशनमध्ये येऊ शकतो.

गेल्या मे महिन्यात मी होस्ट होतो. लांबीचं मिशन, भिंतीतून खणून काढायचे दहापैकी नऊ अ‍ॅक्वार्क जमा झालेले, दहावा बहिणीच्या हातात. आणि लाइट गेली. चाळीस मिनिटांची मेहनत तिथंच गेली. दुसऱ्या दिवशीपासून होस्ट भुसावळचा मामेभाऊ, कारण त्याच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि राउटर त्यावर जोडलेला आहे. होस्ट निवडताना नेटच्या वेगापेक्षा स्थिरता बघा. ज्याच्या घरची लाइट भरवशाची, तो होस्ट. त्याची लेव्हल कमी असली तरी चालेल.

एक अडचण येते. होस्टला जी मिशनं खुली आहेत तीच घेता येतात. होस्ट नवा असेल तर काही भाग आणि काही मिशन प्रकार त्याला बंद दिसतील. त्याच्या असाइनमेंट, म्हणजे गेमनं नेमून दिलेली कामं, सगळ्यांनी मिळून आधी करून टाका. दोन-तीन संध्याकाळी जातात, पण पुढचं सगळं मोकळं होतं.

२. मिशनचं कार्ड शेवटपर्यंत वाचा

नकाशावर खूण निवडली की कार्ड उघडतं. नवा खेळाडू मिशनचं नाव बघतो आणि थेट सुरू करतो. कार्डावर पाच गोष्टी असतात: मिशनचा प्रकार, लांबी, गुंतागुंत, भाग म्हणजे बायोम, आणि असलीच तर जादा अटीची खूण, म्हणजे वॉर्निंग किंवा अ‍ॅनोमली.

लांबी आणि गुंतागुंत एक ते तीन अशा खुणांनी दाखवतात, आणि दोन्हींत गल्लत हमखास होते. लांबी म्हणजे काम किती. गुंतागुंत म्हणजे गुहा किती वेडीवाकडी. लांबी एक आणि गुंतागुंत तीन असं मिशन दिसायला छोटं वाटतं, पण त्यात खोल दऱ्या, उभे कडे आणि वर-खाली जाणारी भुयारं असतात. नवख्यांचा अर्धा वेळ पडण्यात आणि एकमेकांना शोधण्यात जातो. पहिल्या आठवड्यात दोन्ही एकवरच ठेवा.

लांबीचा संबंध आपल्या घड्याळाशी आहे. लांबी एकचं मिशन आम्हाला पंधरा ते वीस मिनिटं लागतं, तीनचं पाऊण तासापर्यंत जातं. जळगाव-भुसावळकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. माझा जुना लॅपटॉप तेव्हा पंचवीस मिनिटांत इतका तापतो की किड्यांची झुंड आली की चित्र अडखळायला लागतं. आणि झुंड मोठी येते ती शेवटी, नेमकी लॅपटॉप सगळ्यात तापलेला असताना. म्हणून उन्हाळ्यात आम्ही दिवसा लांबी एकचीच मिशनं घेतो, मधे दहा मिनिटं मशीन झाकण उघडं ठेवून गार होऊ देतो. मोठी मिशनं रात्री दहानंतर, गच्चीवर वारा सुटला की.

नकाशावरची मिशनं दर अर्ध्या तासानं बदलतात. पटतील अशी दिसली नाहीत तर थांबा, चहा घ्या. समोर आहे म्हणून घ्यायलाच हवं असं काही नाही.

बायोमचं जास्त टेन्शन घेऊ नका. क्रिस्टलाइन कॅव्हर्न्स आणि सॉल्ट पिट्स नवख्यांना बरे. ग्लेशियल स्ट्रॅटामध्ये थंडीनं गोठायला होतं, मॅग्मा कोअरमध्ये जमीन तापते आणि भूकंप येतात, रेडिओअ‍ॅक्टिव्ह भागातले स्फटिक जवळ गेलं की जीव खातात. ते तिन्ही थोडे नंतर. बायोमप्रमाणं खनिजंही बदलतात. बंदुकीच्या सुधारणेला जे खनिज कमी पडतंय ते जिथं मिळतं तो बायोम निवडला की एका मिशनमध्ये दोन कामं होतात.

३. लढाईचं बटण कुणाच्या हातात आहे, ते बघून प्रकार निवडा

लोक मिशनच्या प्रकारांची सोपं-अवघड अशी यादी करतात. मला ती कधी उपयोगी पडली नाही. मी वेगळा प्रश्न विचारतो: मोठी लढाई कधी सुरू होणार, हे आपण ठरवतो की गेम? जिथं आपण ठरवतो तिथं तयारीला वेळ मिळतो, आणि नवख्याला वेळच हवा असतो. अधूनमधून झुंडी सगळीकडंच येतात. मी बोलतोय ते मोठ्या लढाईबद्दल.

मायनिंग एक्स्पिडिशनपासून सुरुवात करा. मॉर्काइट नावाचं निळसर-हिरवं खनिज ठरलेल्या प्रमाणात जमा करायचं, छोट्या मिशनमध्ये २००. गुहेमागून गुहा लागत जातात, घाई करायला कुणी सांगत नाही. खणणं, चढणं, अंधारात फ्लेअर टाकणं, मोली नावाच्या चारपायी गाड्यात माल टाकणं हे सगळं इथं अंगवळणी पडतं. शेवटी बटण दाबलं की मोली ड्रॉप पॉडकडं चालू लागते आणि पाच मिनिटं मिळतात. तिच्या मागं पळायचं. रस्ता तिला ठाऊक असतो.

मग एग हंट. भिंतीत पुरलेली अंडी काढायची, चार, सहा किंवा आठ. अंडं उपटलं की झुंड येऊ शकते. पण उपटायचं कधी ते आपल्या हातात. अंडं सापडलं की लगेच हात घालू नका. आजूबाजूचे किडे मारा, गोळ्या भरा, चौघं जवळ या, मग उपटा. तयारी करून संकट ओढवून घ्यायचं, ही सवय या मिशनइतकी चांगली दुसरं कुठलंच मिशन लावत नाही.

ऑन-साइट रिफायनिंगही याच जातीचं. रिफायनरीपासून तीन पंपांपर्यंत पाइप टाकायचे आणि मग बटण दाबायचं. बटण दाबेपर्यंत तुलनेनं शांतता असते, दाबलं की झुंडी आणि पाइपांची गळती एकदम सुरू होते. शेताला पाइपलाइन टाकलेल्यांना हे लगेच कळेल: पाइप जितका सरळ आणि जमिनीलगत, तितकी नंतर दुरुस्ती सोपी. कड्यावरून लोंबकळत नेलेला पाइप फुटला की लढता लढता तिथं चढावं लागतं. लांबचा फेरा पडला तरी चालेल, पण चालत पोचता येईल असाच टाका.

पॉइंट एक्स्ट्रॅक्शन नेमकं उलटं आहे. एकच मोठी गुहा, भिंतीतून सात किंवा दहा अ‍ॅक्वार्क काढून मधल्या यंत्रात आणून टाकायचे. इथं बटण नाही. जसजसा वेळ जातो तसा किड्यांचा मारा वाढत जातो. रेंगाळलात की संपलात. मायनिंग आणि एग हंटची पाच-सहा मिशनं झाल्याशिवाय इकडं वळू नका.

एलिमिनेशनमध्ये कोश फोडून ड्रेडनॉट मारायचा असतो. कोश आपण फोडतो, म्हणजे बटण आपल्या हातात. पण आतला राक्षस गोळ्या फार खातो. सुधारणा न केलेल्या बंदुका घेऊन गेलं तर लढाई लांबत जाते आणि दारूगोळा संपतो. सॅल्व्हेज ऑपरेशनमध्ये मोडक्या छोट्या गाड्या दुरुस्त करायच्या, मग शेवटी ठरलेल्या वर्तुळात उभं राहून जागा धरायची. ते शेवटचं वर्तुळ नवख्यांचा घात करतं, कारण तोपर्यंत सगळं सोपं गेलेलं असतं. एस्कॉर्ट ड्यूटी, डीप स्कॅन आणि इंडस्ट्रियल सॅबोटाज पहिल्या महिन्यात राहू द्या.

४. हॅझर्ड किती

हॅझर्ड म्हणजे काठिण्य. एक ते पाच. मिशन निवडल्यावर तो वेगळा निवडायचा असतो, खुणेला चिकटलेला नसतो. आमच्या धुळ्याच्या मित्राला हे पंधरा दिवस माहीत नव्हतं. प्रत्येक खूण ठरलेल्या काठिण्याची असते असं समजून तो मागच्या वेळी निवडून ठेवलेल्या तीनवरच एकटा खेळत राहिला. सुरुवातीला वरचे हॅझर्ड बंद असतात, खेळत गेलं की उघडतात.

हॅझर्ड वाढला की किडे जास्त येतात आणि त्यांचा चावा जास्त लागतो. बदल्यात बक्षिसावर बोनस मिळतो: १ ला २५ टक्के, २ ला ५०, ३ ला ७५, ४ ला १०० आणि ५ ला १३३.

या आकड्यांनीच नवखे फसतात. १०० टक्के दिसतात आणि हात तिकडं जातो. पण मिशन हरलं तर मिळकतीचा थोडाच वाटा पदरात पडतो. आम्ही एका रविवारी हिशेब लिहून ठेवला होता. हॅझर्ड तीनवर चार मिशनं घेतली, त्यातली तीन हरलो. पुढच्या रविवारी तेवढ्याच वेळात हॅझर्ड दोनवर चारही जिंकलो. कमाई कुठल्या रविवारी जास्त झाली ते वेगळं सांगायला नको. शिवाय पहिल्या रविवारी भांडणं झाली, ती वेगळीच.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन-तीन मिशनं हॅझर्ड एकवर, बटणं कळेपर्यंत. त्यानंतर दोनवर या आणि निवांत राहा. एकवर फार दिवस राहिलं तर वाईट सवयी लागतात. उघड्यावर उभं राहणं, एकट्यानं लांब जाणं, पाठीकडं न बघणं, हे सगळं तिथं खपून जातं. तीनवर गेलं की तेच महागात पडतं.

किड्यांची संख्या किती जण खेळताय त्यावरही ठरते. चौघांसाठी जास्त, दोघांसाठी कमी. म्हणून दोघंच असाल तर घाबरून हॅझर्ड खाली आणायची गरज नाही. एकटं खेळताना बॉस्को नावाचा ड्रोन सोबत येतो. तो लढतो, खणतो, उजेड पाडतो, आपण पडलो तर उठवतो, पण ठरावीक वेळाच. लाइट आहे पण नेट नाही अशा दुपारी एकट्याची मिशनं खेळून घ्या. सराव होतो आणि खनिजही साठतं.

५. नायट्रा मोजा, आणि त्यावरून वर जायचं की नाही ते ठरवा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

नायट्रा हे लाल खनिज. ८० नायट्रा जमा झाला की वरून रसदीचा पॉड मागवता येतो. त्यात चार कप्पे असतात, एका कप्प्यातून साधारण अर्धा दारूगोळा भरतो आणि थोडा जीवही. चौघं असाल तर एकेकाला एक कप्पा. म्हणजे रिकाम्या बंदुका पूर्ण भरायला चौघांना दोन पॉड, १६० नायट्रा. कुणी घाईत दोन कप्पे घेतले की दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो. हे भांडणाचं दुसरं मोठं कारण.

नायट्रा तुमच्या पिशवीत असून उपयोग नाही, मोलीत टाकला तरच तो सगळ्यांचा होतो. पिशवीत एका खनिजाचे सुरुवातीला ४० मावतात. भरली की मोलीला हाक मारा, ती येते.

एक प्रसंग सांगतो. हॉलो बाऊ या बायोममध्ये एग हंट चालली होती, हॅझर्ड तीन. सहापैकी पाच अंडी झालेली. सगळ्यांच्या गोळ्या तळाला आणि मोलीत नायट्रा ७४. सहा कमी. सहावं अंडं समोर भिंतीत दिसत होतं, हात घातला की मिळणार होतं. मामेभाऊ म्हणाला, "उपट ना भो, पळत सुटू." बहीण स्काउट होती, म्हणजे उजेड पाडणं आणि उंचावर पोचणं तिचं काम. ती म्हणाली, "थांबा." तिनं फ्लेअर गननं छताकडं एक गोळा मारला. तो वर चिकटला आणि सगळं छत पिवळं झालं. कोपऱ्यात, दोन काटेरी वेलींच्या मधे, लाल पट्टा चमकत होता. धुळ्याच्या मित्रानं त्याच्या खाली प्लॅटफॉर्मची गोळी मारली, भिंतीवर छोटी फळी तयार झाली. बहिणीनं हुक टाकला, फळीवर उतरली आणि कुदळ चालवली. आम्ही खाली उभे, कुणी बोलत नव्हतं, फक्त कुदळीचा ठक ठक आवाज. तिनं खाली येऊन माल टाकला तेव्हा आकडा १०२ झाला. पॉड मागवला, एकेक कप्पा घेतला, आणि मग अंडं उपटलं. झुंड आली, मोठी आली. चौघं परतीच्या ड्रॉप पॉडमध्ये पोचलो.

त्या रात्रीपासून आमचा नियम आहे: बटण दाबण्याआधी मोलीत ८० शिल्लक हवा. अंडं असो, कोश असो, रिफायनरी असो की परतीचं बटण. नसेल तर आधी नायट्रा शोधा. वाटेत सोनं दिसलं तरी आधी नायट्रा. सोन्याचे पैसे मिळतात, पण मिशन जिंकलं तरच ते पूर्ण हातात येतात.

आता कागद-पेन. प्रत्येक मिशननंतर तीन गोष्टी लिहा. शेवटी नायट्रा किती उरला. मिशनमध्ये कधी एकच जण उभा राहिला होता का. पॉडमध्ये किती जण पोचले. एक जण जरी पोचला तरी मिशन यशस्वी होतं, म्हणून नुसत्या जिंकण्यावर जाऊ नका. सलग तीन मिशनांत ८० च्या वर नायट्रा उरला, एकदाही एकावर वेळ आली नाही आणि चौघंही पॉडमध्ये पोचले, तर हॅझर्ड एकानं वाढवा. यातलं एक जरी चुकलं तर आहे तिथंच थांबा. वर गेल्यावर सलग दोन हरलात तर त्याच रात्री खाली या. उद्यावर ढकलू नका.

हॅझर्ड वाढवताना बाकी सगळं कमी करा. दोनवरून तीनवर जाताना लांबी एक, गुंतागुंत एक, प्रकार मायनिंग किंवा एग हंट, वॉर्निंग नको. दोन गोष्टी एकदम वाढवल्या तर हरल्यावर कशामुळं हरलो ते कळत नाही. आम्हाला सगळ्यात मोठी उडी तीनवरून चारवर जाताना जाणवली. तिथं दोन महिने लागले.

६. वॉर्निंग आणि अ‍ॅनोमली

कार्डावर कधी कधी जास्तीची खूण असते. अ‍ॅनोमली बहुतेक फायद्याची असते. डबल एक्सपी (अनुभवाचे गुण दुप्पट) दिसलं तर हातातलं काम टाकून घ्या. गोल्ड रश आणि मिनरल मॅनियाही चांगल्या. लो ग्रॅव्हिटीत उंचावरून पडल्यावर फारसं लागत नाही, त्यामुळं नवख्यांना ती बरी.

वॉर्निंग म्हणजे धोका, बदल्यात जादा बोनस. यातल्या काही नवख्यांनी अजिबात घेऊ नयेत:

- लो ऑक्सिजन: हवा संपत जाते, मोली किंवा रसदीच्या पॉडजवळ जाऊन भरावी लागते. एकट्यानं लांब जायची सवय असलेल्यांचा यात हमखास बळी जातो.
- हाँटेड केव्ह: न मरणारं भूत मिशनभर मागं लागतं. त्यावर गोळ्या घालू नका, वाया जातात. लांब राहा.
- शील्ड डिसरप्शन: ढाल नाही, प्रत्येक चावा थेट जिवावर.
- लीथल एनिमीज: किड्यांचा चावा जास्त लागतो. हॅझर्ड एकानं वाढवल्यासारखं समजा.

केव्ह लीच क्लस्टर असेल तर छताकडं बघत चाला. वरून लोंबणारा किडा उचलून नेतो आणि सोबत्यानं सोडवल्याशिवाय सुटका नाही.

७. चौघांत कोण काय

चारही वर्ग पहिल्या दिवसापासून खुले असतात. स्काउट उजेड पाडतो आणि उंचावर पोचतो. इंजिनिअर फळ्या आणि स्वयंचलित बंदुका लावतो. गनर दोरीचा रस्ता बांधतो आणि ढाल टाकतो. ड्रिलर सरळ भुयार पाडतो. मिशन निवडताना कोण हजर आहे ते बघा. स्काउट नसेल तर उंच गुहांचं, म्हणजे गुंतागुंत तीनचं मिशन टाळा, छतावरचा नायट्रा हाती लागत नाही. ड्रिलर असेल तर पॉइंट एक्स्ट्रॅक्शन सोपं होतं, कारण तो यंत्रापर्यंत आडवी वाट पाडून देतो. परतीच्या वेळीही त्याची फार मदत होते.

बोलताना छोटी वाक्यं वापरा. आमच्यात लढाईच्या वेळी आपोआप अहिराणी निघते: "गोळ्या सरन्यात", "मी पडनू", "आठे ये". दोन शब्दांत काम होतं. जागा दाखवायला बोलण्यापेक्षा लेझर पॉइंटर वापरा. "त्या मोठ्या दगडाच्या डावीकडं" असं सांगेपर्यंत किडा येऊन जातो.

८. अनोळखी लोकांच्या खोलीत जाताना

कधी चौघं जमत नाहीत. मग सर्व्हर लिस्टमधून दुसऱ्याच्या खोलीत जावं लागतं. तिथं हॅझर्ड त्यांनी ठरवलेला असतो, तो बघूनच आत जा. आपल्या नेहमीच्या हॅझर्डपेक्षा वरच्या खोलीत शिकायला मिळेल असं वाटतं, पण दर दोन मिनिटांनी आपल्याला उठवावं लागलं तर त्यांचा खेळ बिघडतो. भारताजवळच्या खोल्या बघा, लांबच्या खोलीत गोळी उशिरा लागते.

आत गेल्यावर होस्टनं सांगेपर्यंत बटणं दाबू नका, अंडी उपटू नका, रसद मागवू नका. रसद आली की एकच कप्पा घ्या. आणि व्ही दाबून "रॉक अँड स्टोन" म्हणा, इथला रामराम तोच. कुणी उठवलं की व्ही, पॉड आला की व्ही. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून संकोच करू नका. मी वर्षभर माइक बंद ठेवून फक्त लेझर आणि व्ही यांवर परदेशी लोकांबरोबर खेळलोय. लोक समजून घेतात.

९. प्रमोशन आणि डीप डाइव्ह

एखादा वर्ग लेव्हल २५ ला पोचला आणि त्याची असाइनमेंट पूर्ण केली की प्रमोशन मिळतं. पहिल्या प्रमोशननंतर डीप डाइव्ह उघडते. सलग तीन टप्पे, मधे तळावर परतायची सोय नाही, मागच्या टप्प्यात उरलेल्या गोळ्यांवरच पुढं जायचं. पाचव्या पायरीतला नायट्राचा नियम इथं दुप्पट कडक पाळावा लागतो.

नवी डीप डाइव्ह दर गुरुवारी आपल्या वेळेप्रमाणं दुपारी साडेचारला येते. टप्प्यांवर कुठली मिशनं आहेत ते आधीच दिसतं. ते वाचून मगच कोण कुठला वर्ग घेणार ते ठरवा. एलिमिनेशन असेल तर गनर हवाच. साधी आधी करा, एलिट, म्हणजे जास्त अवघड, नंतर, चार-पाच आठवड्यांनी. आम्ही गुरुवारी रात्री जेवणं उरकून साडेनऊला बसतो आणि दोन तास मोकळे ठेवतो. होस्ट तुटला तर तिन्ही टप्पे पहिल्यापासून करावे लागतात. त्यामुळं भुसावळला त्या रात्री लाइट जाणार असल्याचा मेसेज आला असेल, तर आम्ही डाइव्ह शुक्रवारवर टाकतो आणि गुरुवारी लांबी एकची दोन मिशनं खेळून झोपतो.